टपाल नसलेली फेरी

एकतीस वर्षं हा रस्ता
मी घड्याळ बघत चालले.
साडेनऊला चर्चची कमान, पावणेदहाला विहीर,
दहाच्या ठोक्याला द्रेयचेच्या कुत्र्याचं भुंकणं.
ह्या कुत्र्याच्या आधी त्याचा बाप, बापाच्या आधी आजा;
तिघांनाही माझ्या पोटऱ्यांचा सारखाच राग.

आज ऑक्टोबरातला मंगळवार.
बुर्या वारा तीन दिवस घोंघावून
रात्री कधीतरी दमला,
आणि जाता जाता सगळं आभाळ
घासूनपुसून पालथं घालून गेला.
गुडघा म्हणाला, घरी बस.
मी म्हटलं, तू बस.
आणि निघाले.

पिशवी घेतलीच खांद्याला. सवय.
पण आत काही नाही.
विजेचं बिल नाही, पेन्शनचा कागद नाही,
काळ्या कडेचं ते पाकीटही नाही
जे हातात देताना मी नेहमी
हवेबद्दल काहीतरी बोलायचे.

आमचं कार्स्टचं पठार म्हणजे दगड.
दगडाच्या भिंती, दगडाची छपरं, दगडाची माणसं.
पाणीसुद्धा इथे पाहुणचार घेत नाही,
जमिनीच्या पोटात शिरतं
आणि परस्पर समुद्र गाठतं.
पण वर्षातून पंधरा दिवस हे दगड पेटतात.
भेगाभेगांतून रुयची झुडपं लाल होतात.
लाल म्हणजे कसं सांगू?
पानाची कड वांग्याची,
मध्ये खरचटल्यासारखं ताजं,
आणि उन्हासमोर धरलं तर देठाजवळ
जर्दाळूच्या मुरांब्याचा रंग.
एक पान तोडून मी तेवढ्यासाठी
बराच वेळ धरून उभी राहिले.
कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं,
मिलोयका पत्ता वाचतेय.

अल्बिन मळ्यात होता.
द्राक्षांची तोडणी केव्हाच आटपली,
कात्रीला न दिसलेले घोस शोधून
तोंडात टाकत उभा.
"माझं काही आलंय?"
"नाही."
"बरं झालं," म्हणाला,
आणि एक घोस माझ्या पिशवीत.

वरच्या वळणावर डावीकडे समुद्र,
त्यावर जहाजं, टाचण्या खोवल्यासारखी.
उजवीकडे, पार लांब, आल्प्सवर पहिला बर्फ.
मान वळवली की हे, मान वळवली की ते.
हे वळण मी सात हजार वेळा घेतलं असेल.
समुद्र तेव्हाही इथेच होता म्हणतात.

शेवटचं घर फानीचं.
कुलूप गंजलंय,
पेटीवरचं नाव अर्धं उरलंय.
मुलगा अर्जेंटिनात. आधी महिन्याला पत्र,
मग नाताळला, मग नाताळलाही नाही.
ती फाटकाशी उभी असायची
एप्रनचं टोक मुरगाळत,
आणि मी लांबूनच मान हलवायचे,
उगाच तिचा जीव टांगणीला नको.
एकदाच खोटं बोलले.
तिकडचे टपालवाले संपावर आहेत, म्हटलं.
तिनं विश्वास ठेवला,
किंवा मला बरं वाटावं म्हणून ठेवल्यासारखं केलं.
त्या दिवशी तिनं मला सहा अक्रोड दिले होते.

आज झाडाखाली अक्रोडांचा सडा.
वेचायला खारींशिवाय कोणी नाही.
मी वाकले. गुडघा काही बोलला नाही.
सालांनी बोटं काळी झाली,
ती आता आठवडाभर काळीच राहणार.
त्यातला सगळ्यात मोठा अक्रोड
मी तिच्या पेटीत टाकला.
टण्ण.
आतून एक कोळी बाहेर आला,
कोण आलंय ते बघून परत गेला.

मग तिच्या भिंतीवर बसले.
ह्या भिंतीवर मी कधी बसलेच नव्हते.
दगड उन्हानं तापलेला, भट्टीतून काढलेल्या पावासारखा.
दोन दगड घेऊन अक्रोड फोडले,
मध्ये मध्ये अल्बिनची द्राक्षं,
बिया गवतात थुंकल्या, लहानपणी थुंकायचे तशा,
कुठवर जातात ते बघत.

खाली गावातून साडेबाराची बस गेली.
माझीच होती ती.
जाऊ दे.
पाचला अजून एक असते.
तीही चुकली तर चालत उतरेन,
द्रेयचेच्या कुत्र्याला
एका दिवसात दोनदा भुंकायला मिळेल.